दुसऱ्या मजल्यावरची घंगाळं

६ मार्च

प्रिय भाऊ ग्रोफो,

तुझी तब्येत कशी आहे? उजवा खांदा अजून दुखतो का? सफीरा सांगत होती, हल्ली तू बाजाराची पिशवी डाव्या हातात धरून जिना चढतोस. आपल्या बापालाही याच वयात खांद्याने धरलं होतं, पण त्याने जन्मभर तांबं ठोकलं. तू तर खुर्चीवर बसून नोकरी केलीस, तुला कशाने झालं? गरम मिठाची पुरचुंडी लावत जा. ओतिलियाचं ब्लडप्रेशर कसं आहे? दुसऱ्या मजल्यावर थांबून दम खाते म्हणे. तिला म्हणावं, खारवलेली कोबी कमी कर. आणि राडू? पोरगं परगावी एकटं राहतं, वेळेवर जेवतं का? त्याला आत्या आहे हे त्याला माहीत नाही, पण आत्याला भाचा आहे हे आत्याला माहीत आहे, म्हणून विचारते.

आमचं म्हणशील तर माझे गुडघे गेले, दात त्याच्याही आधी गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. अक्षर वेडंवाकडं दिसेल. टिनाच्या डब्यांवरची नावं वाचून वाचून शिकलेली बाई मी, आणखी काय होणार.

तर बाबा, सफीरा तुझ्या खालच्या घरात राहायला आली, हे तुला मी सांगायला नको. माझी नात आहे हेही सांगायला नको. तिच्या तोंडावर आपल्या आईचं नाक आहे, आणि आईचं नाक तू जिन्यात रोज बघतोस. पहिल्या दिवशी ती तुला 'नमस्कार' म्हणाली, तेव्हा तू भिंतीकडे बघून 'नमस्कार, बाई' म्हणालास. तिला वाईट वाटलं नाही. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं, दारावर 'ग्रिगोरे' लिहिलेला जो माणूस आहे तो आपला कोणी नाही, त्याला त्रास द्यायचा नाही.

आता हे पत्र म्हणजे त्रासच आहे, पण ऐक.

आम्हाला तांबटगल्लीतून उचलून कचऱ्याच्या टेकडीशेजारी आणून टाकलं, तेव्हा नगरपालिकेचा माणूस म्हणाला होता, 'तात्पुरतं आहे, हिवाळ्यापुरतं.' तेव्हा सफीराची वेणी घालायला मी खाली वाकत होते. आता तिला स्वतःची पोर आहे. चार कुटुंबांना राहायला एक पत्र्याची पेटी, आणि चार कुटुंबांत मिळून एक न्हाणीघर, त्यातच संडास, त्यातच नळ. वरून टेकडी जळत असते. पावसात तिच्यातून काळं पाणी निघतं, ते दाराशी येऊन थांबतं, जसं काही आत बोलावण्याची वाट बघतंय. उंदीर आता माणसाला बघून पळत नाहीत, बाजूला सरकतात. मला त्याची किळस येते असं म्हटलं की शहरातले लोक आश्चर्याने बघतात. त्यांना वाटतं, किळस ही त्यांचीच इस्टेट आहे.

सफीराची दारिया त्या धुरात जन्मली. पोरीची छाती अशी वाजते, की बापाचा भाता आठवावा. डॉक्टर म्हणाला, हिला इथून हलवा, नाहीतर पुढचा हिवाळा मी सांगत नाही. मग कितीतरी अर्ज झाले आणि नगरपालिकेने तुझ्या बिल्डिंगमधलं घर दिलं. पण परीक्षेवर. उन्हाळ्यापर्यंत शेजाऱ्यांची तक्रार आली नाही तर घर कायम, आली तर परत टेकडी.

बिल्डिंगचा अध्यक्ष तू आहेस. सभेत तिचा विषय निघेल. भाऊ म्हणून काही बोलू नकोस. शेजारी म्हणून एवढंच म्हण, की पोरगी चांगली आहे. एक वाक्य.

तुझी ताई,
परसिदा

९ एप्रिल

ग्रोफो,

तुझं उत्तर आलं नाही. टपालवाला टेकडीवर यायला नाखूष असतो, नाक दाबून पत्रं फाटकाशीच फेकतो. त्यामुळे वाऱ्याने गेलं असेल असं मी दोन आठवडे मनाला सांगितलं.

मग सफीरा आली आणि सभेचं सांगून गेली. ती शेवटच्या खुर्चीवर दारियाला मांडीवर घेऊन बसली होती. तळमजल्यावरच्या मुरेशानबाई उठल्या, 'जिन्यात वास येतो' म्हणाल्या. कोणीतरी विचारलं, 'कसला वास?' त्या म्हणाल्या, 'त्यांचा.' लोक हसले. आणि तू, अध्यक्ष, चष्मा पुसून विचारलंस, 'आणखी कोणाला काही सांगायचं आहे?' आणखी दोघांना होतं. तू सगळं लिहून घेतलंस आणि खाली सही केलीस.

वास! अरे, ती पोर दिवसातून किती वेळा फरशी पुसते हे त्या बाईला काय ठाऊक. आणि मुरेशानबाईंचं काय सांगू? सफीरा त्यांना पाव द्यायला गेली होती, नवीन शेजारी म्हणून. दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये कुत्रा धूत होत्या. कुत्रा! मग त्याच बेसिनमध्ये सॅलडची पानं खळबळली आणि म्हणाल्या, 'ठेव तिथे, हात ओले आहेत.' सफीराला जिन्यातच ओकारी आली. आणि आम्ही घाणेरडे.

आई काय म्हणायची, आठवतं? गाजे, म्हणजे आपल्या जातीबाहेरचे लोक, वरून इस्त्री केलेले असतात, आणि ज्या पाण्यात मोजे बुडवतात त्यातच चमचे. तू तेव्हा तोंड वाकडं करून हसायचास. आता तू त्यांच्यात जेवतोस. घास कसा उतरतो, हे मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही.

नगरपालिकेची समिती घर बघायला येणार आहे. स्वच्छता तपासणार आहेत. ऐकून आम्हाला हायसं वाटलं. त्या बाबतीत तरी आम्हाला घाबरायचं कारण नाही.

ओतिलियाला सांभाळ.

परसिदा

१७ मे

ग्रोफो,

समिती येऊन गेली. सगळं लिहिते, कारण तुझ्या कानावर गेलं असेल ते मुरेशानबाईंच्या तोंडून गेलं असेल.

आदल्या दिवशी आम्ही टेकडीवरच्या चार बायका सफीराकडे गेलो. स्वच्छता बघायला येतायत ना, मग स्वच्छता कशाला म्हणतात ते एकदा बघू देत त्यांना, असं मीच म्हटलं. एरवी तिचे टब आणि घंगाळं पलंगाखाली, मोरीत, बाल्कनीत अशी दडवलेली असतात. आम्ही ती सगळी बाहेर काढली. भांड्यांचं, तोंड-हातांचं, वरच्या कपड्यांचं, कमरेखालच्या कपड्यांचं, पुरुषमाणसाचं, पोरीचं, फरशीचं. तांब्याची दोन माझ्या नवऱ्याच्या हातची होती, ती व्हिनेगर आणि वाळूने अशी घासली की दारिया त्यात बघून दात विचकत बसली. म्हातारी स्तांका म्हणाली, 'रंगाच्या फिती बांधा गं, म्हणजे त्या शिकलेल्यांना कळेल कुठलं कशाचं.' फिती बांधल्या. हॉलमध्ये भिंतीला लावून ओळीने मांडली. चर्चमध्ये मेणबत्त्या लावाव्यात तशी दिसत होती. मी तुला खरं सांगते, मला त्यात अजूनही चूक दिसत नाही.

दार उघडं होतं. तेवढ्यात तुझी ओतिलिया जिना चढताना दम खायला थांबली. आत डोकावली आणि हसायलाच लागली. 'अगं बाई, तुमच्याकडेही हे खूळ आहे? आमचे हे असेच. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझा पायपुसण्याचा फडका भांड्यांच्या टबात पडला की घर डोक्यावर घेतात. सैन्यात लागलेली सवय म्हणे.' सफीराने माझ्याकडे बघितलं. मी फितीची गाठ घट्ट करत बसले. स्तांका म्हणाली, 'चांगल्या सैन्यात होता हो तुमचा नवरा.'

ग्रोफो, तू अजून पाणी वेगळं ठेवतोस. आई-बाप वारले असं तू त्या बाईला सांगितलंस तेव्हा ते जिवंत होते. आता खरंच वारले, म्हणजे तेवढं खोटं तरी कमी झालं. पण पाण्याच्या बाबतीत तुला खोटं वागता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली तेव्हा मीही तिथेच होते, कोपऱ्यात. एक बाई, दोन बाप्ये. बाईने आल्या आल्या आपली पर्स पावाच्या टेबलावर ठेवली. हीच पर्स बसच्या फरशीवर टेकते, दवाखान्याच्या फरशीवर टेकते. सफीराने पाव हळूच उचलून घेतला, तर ती म्हणाली, 'आम्ही खाणार नाही, घाबरू नका.'

मग घंगाळं बघितली. 'हे काय? धुण्याचा धंदा करता?'

'नाही बाई. प्रत्येकाचं वेगळं असतं.'

'कशाचं वेगळं?'

आता तू सांग, दोन परके पुरुष समोर उभे असताना आपली तरणी पोर कमरेखालचं नाव कसं काढेल? तिने मान खाली घातली. बाईने विचारलं, 'बोला ना, यात काय साठवता?' सफीराचे कान लाल झाले. मी म्हटलं, 'मी म्हातारी आहे, मला आता कसली लाज, मी सांगते.' तर एक बाप्या म्हणाला, 'तुम्ही इथे राहता का? नाही ना? मग गप्प बसा.' आणि लिहून घेतलं, की विचारलं तर उत्तर देत नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या बाप्याला लघवीला जायचं होतं. गेला. बाहेर आला, आणि मोरीतलं बेसिन सोडून सरळ स्वयंपाकघरात येऊन पांढऱ्या फितीच्या टबात, आमचे कॉफीचे कप होते त्यात, हात बुचकळले. वर म्हणाला, 'टॉवेल आहे का?'

आपण काय केलं असतं? जे सफीराने केलं तेच. तिने टॉवेल दिला. मग कप एकेक करून उचलले आणि त्याच्या समोर कचऱ्याच्या डब्यात टाकले. टबही टाकला. तिने ते रागाने केलं नाही रे, अगदी शांतपणे केलं. मेलेलं उंदराचं पिल्लू उचलतात तसं.

त्यांनी लिहिलं, 'भांडी फोडते. आक्रमक आहे.'

परसिदा

११ जून

ग्रोफो,

नोटीस आली. पाणी साठवून घर अस्वच्छ ठेवते, अधिकाऱ्यांसमोर हिंसक वागते, शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत. महिनाअखेर घर सोडा.

सफीराने टेकडीवर येऊन मला वाचून दाखवली. दारिया बाहेर खेळायला गेली, आणि अर्ध्या तासात तिला धरून आणावं लागलं. वारा टेकडीकडून होता. ओठ निळे पडले होते. वाफ देऊन देऊन कसाबसा श्वास सुरळीत झाला. हे वर्णन करून तुला पाघळवायचं नाही, पण काय पणाला लागलं आहे ते तुला नीट कळू दे.

सफीराचा नवरा यांको जर्मनीत खाटिकखान्यात कामाला आहे, त्याला सुट्टी नाही. फोनवर म्हणतो, 'मी येऊन त्या टबात हात बुडवणाऱ्याला बुडवतो.' मी म्हटलं, 'तू तिथेच राहा बाबा, तुझ्या येण्याने आमचं बुडेल.'

नोटिसीवर हरकत घेता येते. सुनावणी होईल. वकील मुलगी चांगली आहे, फुकट काम करते, पण घंगाळांचं काय ते तिलाही कळत नाही. म्हणते, 'आजी, सरळ सांगा की पाणी जाण्याची भीती होती म्हणून साठवलं होतं.' मी का खोटं बोलू? आणि मी खरं सांगायचं म्हटलं तरी माझं चालत नाही, बिल्डिंगमधल्याच माणसाने सांगायला हवं, असा नियम आहे. सफीरा तर सुनावणीला बसणाऱ्या तीन पुरुषांसमोर जीभ तोडून देईल, पण ते बोलणार नाही.

त्या बिल्डिंगमध्ये हे जाणणारा एकच माणूस आहे.

मी तुला नातं सांगायला सांगत नाही. तुझं नाव, तुझी बायको, तुझा जिना तुलाच लखलाभ. उठून एवढं सांग, की ती भांडी घाणीची नव्हेत, घाण वेगळी ठेवण्याची आहेत. तुला माझा राग येत असेल तर येऊ दे, पण पोरीच्या छातीवर काढू नकोस.

तुझ्या खांद्यासाठी मिठाचं लिहिलं होतं, केलंस का?

ताई

२९ जून

माझ्या भावा,

तू आलास. मी शेवटच्या बाकावर होते, स्तांका आणि आणखी दोघींबरोबर. 'टेकडीवरच्यांनी मागे बसा' म्हणाले. तू निळा कोट घालून आलास, टाय लावून. आई म्हणाली असती, नवरदेव दिसतोस. तू आमच्याकडे बघितलं नाहीस. बघायला नकोच होतं, मीच तसं लिहिलं होतं.

तू चांगलं बोललास. मी आयुष्यात कुणाला इतकं चांगलं बोलताना ऐकलं नाही. म्हणालास, 'वेगवेगळी भांडी म्हणजे अस्वच्छता नव्हे. त्यांच्यात अंगाचं वरचं आणि खालचं एका पाण्यात धूत नाहीत. स्वयंपाकाच्या भांड्यात कोणी हात धुतला तर ते भांडं बाद होतं. तुम्ही ज्याला हिंसा म्हणता, तो त्यांच्याकडे स्वच्छतेचा नियम आहे.' सफीराने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. स्तांकाने माझी मांडी दाबली. टेबलामागच्या साहेबाने विचारलं, 'तुम्हाला कसं माहीत हे सगळं?'

तू म्हणालास, 'वाचलंय कुठेतरी.'

ठीक आहे. तेवढं मी गिळलं. गिळता आलं मला.

पण तू बसला नाहीस. कोणी काही विचारलं नव्हतं, ग्रोफो. काम झालं होतं. साहेब मान हलवत होता. तरी तू पुढे म्हणालास, 'ही मुलगी त्यांच्यातली असून त्यांच्यासारखी नाही, एवढंच मला सांगायचं आहे. टेकडीवरच्या लोकांची गोष्ट वेगळी. त्यांना कितीही द्या, ते घाणीतच राहणार, त्यांना तीच आवडते. ते आमच्या जिन्यात मलाही नको आहेत.'

लोक हसले नाहीत. माना हलवल्या. तुझं ते वाक्य त्यांना पहिल्या सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त पटलं. त्यानेच निकाल लागला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

घर राहिलं. कायम झालं. अट एकच, टेकडीवरचं कोणीही तिथे मुक्कामाला येणार नाही. सफीराने मान डोलवली. ती काय करणार? बाहेर आल्यावर ती माझ्याकडे धावत आली, तर मीच तिला दुरून हात केला, 'जा, जा, बस चुकेल.' कोणी बघत असेल तर काय सांगा. दारियाच्या छातीत आता शिट्टी वाजत नाही म्हणे. रात्रभर झोपते. यासाठी तुझे पाय धुवून प्यायला हवेत मी. मनापासून सांगते, तुझे उपकार आहेत.

आणि मला तुझी शिसारी आली आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, मी काय करू? जेवायला बसले की तुझं ते वाक्य ताटात दिसतं. काळ्या पाण्याची किळस करायची मला सवय आहे, ते माझ्या अंगणात बाहेरून येतं. हे माझ्या आईच्या पोटातून आलंय.

तुला सांगायचं ते वेगळंच आहे. परत येताना बसमध्ये स्तांका डोळे पुसत होती. म्हणाली, 'परसिदा, तो भला माणूस कोण गं? शेवटी शिव्या दिल्या, पण आधी काय बोलला! आपल्यातलाच असल्यासारखा. तुझ्या त्या हरवलेल्या भावासारखा आहे नाही गं, कपाळाकडून?'

तुला ठाऊक आहे, मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं. संध्याकाळपर्यंत सगळी माणसं पंचायतीला जमली असती. म्हाताऱ्यांनी तुझं ताट वेगळं काढलं असतं. तुझ्या हातचं पाणी आपल्या एकाही घरात कोणी प्यालं नसतं, तू मेलास तर खांदा द्यायला कोणी आलं नसतं. आणि ते अन्यायाचं झालं नसतं.

मी म्हटलं, 'कोण जाणे. कोणी गाजो असेल.'

स्तांका म्हणाली, 'खरंच? तुझी खात्री आहे?'

मी म्हटलं, 'अगं, माझा भाऊ मेला. सैन्यातच मेला.'

चाळीस वर्षं लोक मला विचारत आले आणि चाळीस वर्षं मी म्हणत आले, येईल तो, सैन्यात गेलाय, कामाला गेलाय, येईल. परवा पहिल्यांदा मारलं तुला. इतक्या सहज जमलं की मलाच भीती वाटली. घरी येऊन मी तोंड धुतलं, आणि ज्या तांब्याने धुतलं तो तांब्या बाहेर फेकून दिला.

आता स्तांका विचारते, भावासाठी मेणबत्ती लावायची का, चर्चमध्ये नाव कुठलं सांगायचं. मी तिला रविवारपर्यंत थांबवलं आहे. तोवर तुझ्या हातच्या दोन ओळी आल्या तर मी तिला म्हणेन, अगं चूक झाली, जिवंत आहे तो, खुशाल आहे, खांदा तेवढा दुखतो. नाही आल्या तर मेणबत्ती लावून टाकेन, आणि तुझ्या नावाने लोकांना जेवू घालेन, रीतीप्रमाणे, काही कमी करणार नाही.

म्हणून उत्तर लवकर लिही, ग्रोफो. शनिवारच्या टपालाला पडेल असं लिही.

तुझी,
परसिदा